धुमाळ सरांची लेव्हिटी

उसाच्या रसात लिंबू पिळणं ही लेव्हिटी आहे. आलं घालणं ही लेव्हिटी आहे. बर्फाबद्दल तर बोलायलाच नको. आणि चरकाला घुंगरू बांधून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणं ही लेव्हिटीच्याही पुढची कुठलीतरी पायरी आहे, तिच्यासाठी इंग्रजांना अजून शब्द सापडलेला नाही. हे सगळं ज्ञान मला शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत उभ्या उभ्या मिळालं. देणारे होते धुमाळ सर. शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर सबंध गावाला शिकवू लागले.

पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचं बटण लावलेलं, काखेत छत्री. उन्हं कलली की सर रसवंतीत येत आणि म्हणत, "एक ग्लास. नुसता." रसवंतीवाला चरक सुरू करायच्या आधी घुंगरू हातानं धरून ठेवायचा. सरांचा ग्लास होईपर्यंत तो चरक मौन पाळायचा. मग सर तो कोमट, हिरवट रस औषधासारखा पीत आणि शेजारच्या माणसाच्या ग्लासातल्या बर्फाकडे असं बघत की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण देवळात चप्पल घालून उभे आहोत.

लेव्हिटी हा शब्द सरांनी कुठून आणला, ते ठाऊक नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नव्हता. पेपरात कधी आला नाही. पण वर्गात कुणी फिदीफिदी हसलं, की खडू थांबायचा आणि सर म्हणायचे, "धिस इज लेव्हिटी." मग पुढं अर्थ यायचा. "नाऊन. अनकाउंटेबल. जिथं वजन पाहिजे, तिथं हलकेपणा करणं. नीट ऐका. हसणं म्हणजे लेव्हिटी नव्हे. सर्कशीत हसलात तर ते नुसतं हसणं. कोर्टात हसलात तर लेव्हिटी. हा शब्द माणसाला चिकटलेला नाही, जागेला चिकटलेला आहे. फॉर एक्झाम्पल, शी लाफ्ड विथ अनबिकमिंग लेव्हिटी." उदाहरण दरवेळी हेच. ही 'शी' कोण, कुठं हसली, तिला कोर्टात कुणी नेलं, हे आम्ही विचारलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकातल्या बायका तशाही काहीबाही करतच असतात.

एकदा मी धीर करून म्हणालो होतो, "सर, हा शब्द आता कुणीच वापरत नाही."

"कसा वापरतील?" सर म्हणाले. "ज्यांच्या अंगावर सदराच नाही, त्यांना 'सदरा मळलाय' कोण सांगणार?"

गावानं मात्र तो वापरला. मन लावून वापरला. सर गेले की चहावाला म्हणायचा, "आज साखरंत लेव्हिटी जास्त झाली का वो?" दौंड गाडीचा कंडक्टर म्हणायचा, "मागं सरका, दारात लेव्हिटी करू नका." शिक्रापूरच्या कंपनीत कामाला असलेली बिहारची पोरं खोली भाड्यानं घेऊन राहायची, ती हायवेवरचा ट्रॅफिक बघून म्हणायची, "बहुत लेव्हिटी है आज." हे सगळं सरांच्या कानावर जायचं आणि सर डोळे मिटून घ्यायचे.

आता माझं सांगतो, कारण या गोष्टीत मी नसतो तर बरं झालं असतं.

मी निवेदक आहे. म्हणजे लग्नात माईकवर बोलतो. 'या शुभप्रसंगी आपल्यामध्ये उपस्थित असलेले माजी सरपंच' वगैरे. साखरपुडा, लग्न, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, काहीही असो, माईक आणि मी. आमच्याकडं दशक्रियाही माईकवर होते. घोडनदीच्या घाटावर मांडव, गाद्या, प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. तिथंही मीच. सकाळी दहाव्याला आणि दुपारी लग्नाला. मधे फक्त फेटा बदलायचा.

तर एका दहाव्याला एका पुढाऱ्यांनी फार सुंदर भाषण केलं. माणसं डोळे पुसत होती. आणि मी सवयीनं माईक घेतला आणि म्हणालो, "एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या." लोकांनी वाजवल्याही. ज्याचे वडील गेले होते त्यानंही वाजवल्या. मग सगळ्यांना एकदमच कळलं आणि टाळ्या जागच्या जागी हवेत राहिल्या. चौथ्या ओळीत धुमाळ सर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी आले. मला वाटलं, 'यू आर गिल्टी ऑफ लेव्हिटी' ऐकावं लागणार. सर म्हणाले, "मिस्टर थोरात, यू आर लेव्हिटी." आणि गेले.

शेजारी काकू होत्या. म्हणजे सरांच्या मिसेस. त्या पदर तोंडात कोंबून गदागदा हलत होत्या. लोकांना वाटलं, रडतायत. मला दिसत होतं.

काकू दौंडच्या. वडील रेल्वेत गार्ड, बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, दारासमोरून दिवसभर गाड्यांची ये-जा. शिरूरला रेल्वे नाही याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. सरांचा मूड गेला की म्हणायच्या, "आज गाडी सिग्नलला उभी हाय, कुणी बोलू नका." आणि त्यांना हसू यायचं. नको तिथं यायचं. झेंडावंदनाला सर भाषणात 'गांभीर्य' या शब्दापाशी आले आणि झेंड्यातली उरलेली फुलं नेमकी त्यांच्या टकलावर पडली, तेव्हा सगळी शाळा दात आवळून उभी होती, बायकांच्या रांगेतून एकच हसू आलं. कुणाचं, ते सांगायला नको.

मी सरांकडे शिकवणीला जायचो तेव्हा घरातलं बघितलंय. काकू हसल्या की सर म्हणायचे, "अगं, ही लेव्हिटी आहे."

काकू निवडणातून बोट न काढता विचारायच्या, "म्हंजी काय?"

आणि सर सांगायचे. दरवेळी. नाऊन, अनकाउंटेबल, वजन, हलकेपणा, सर्कस, कोर्ट. पुढ्यातला चहा गार व्हायचा. काकू मधेमधे "व्हय का?" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हसू, पुन्हा लेव्हिटी, पुन्हा "म्हंजी काय?" माझ्यासारख्या ढ पोराचाही तो अर्थ पाठ झाला, पण काकूंचा होईना. एकदा सर बाहेर गेलेले बघून मी म्हणालो, "काकू, मी सांगू का सोपं करून?"

"गप रं," त्या म्हणाल्या. "दौंडला बघायला आले, तवा मी चहाचा ट्रे घेऊन येताना हसले. तवा पहिल्यांदा म्हणाले लेव्हिटी. मी म्हणलं, म्हंजी काय? तर अर्धा तास बोलले की बाबा. आमचा बाप म्हणला, पोरगं बोलकं हाय, देऊन टाकू." त्या हसल्या. "लग्नानंतर कळलं, बोलकं न्हाई. त्या एकाच शब्दावर बोलतंय. मग मी तो शब्द कशाला पाठ करू?"

काकूंची एक गोष्ट मात्र राहून गेली होती, आणि ती त्या दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना सांगायच्या. लग्न करून वरात शिरूरला आली. दारात सरांच्या बहिणी आडव्या. आमच्याकडं रीतच आहे, नाव घेतल्याशिवाय नवरा-नवरीला आत सोडत नाहीत. काकूंनी उखाणा घेतला, दौंडची पोरगी ती, खणखणीत घेतला. आता सरांची पाळी. सर म्हणाले, "ही लेव्हिटी आहे." बहिणी म्हणाल्या, "असू दे, नाव घे." सर वळले, घराला वळसा घातला, आणि मागच्या दारानं गोठ्यातून आत आले. काकू पुढच्या दारात उभ्याच. शेवटी सासूबाईंनी हात धरून आत घेतलं.

"आजून उभी हाय मी दारात," काकू म्हणायच्या. "कवा घेत्यात नाव, बघू." बायका हसायच्या. सर त्या वेळी घरात असले तर छत्री घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायचे. आयुष्यभर त्यांनी काकूंना 'अगं' म्हटलं. नावानं हाक मारताना गावात कुणी ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. ताप आला, पुण्याला नेलं, आणि तिथूनच गेल्या. मुलगा पुण्यातच असतो, त्यानं सगळं केलं.

चार-पाच दिवसांनी सर रसवंतीत आले. एकटेच बसले. रसवंतीवाल्याच्या हातून गडबडीत घुंगरू धरायचे राहिले, चरक छमछम वाजला. त्यानं घाबरून ग्लास पुढं केला, त्यात लिंबू होतं, आलं होतं, बर्फाचे दोन खडे तरंगत होते. सर प्यायले. पिऊन ग्लास खाली ठेवला आणि निघाले.

"सर," रसवंतीवाला मागून म्हणाला, "लिंबू पडलं वो चुकून."

"असू दे," सर म्हणाले.

रसवंतीवाला माझ्याकडं बघत राहिला. "बबनराव, सर काय बोलले न्हाईत वो," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की मीच त्याला पाणी दिलं.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी सर माझ्या दुकानात आले. दुकान म्हणजे साउंड सिस्टीमच्या डब्यांची खोली. मी उठून उभा राहिलो. सर एका स्पीकरवर बसले. छत्री गुडघ्यांत. मग म्हणाले, "मिस्टर थोरात, तुम्ही लग्नात उखाणे लिहून देता असं ऐकतो."

मला वाटलं, नातेवाइकांत कुणाचं लग्न ठरलंय. दुःखात माणसाला जरा दुसरा विषय लागतो, बरंच झालं. मी म्हणालो, "देतो की सर, नवरदेवासाठी एकदम लेटेस्ट हाय." आणि हातवारे करून म्हणून दाखवला:

"शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिक लागलं तासभर,
अमुकअमुकचं नाव घेतो, मेकअप तिचा हातभर!"

वर 'हेऽऽ' असं ओरडायची पद्धत आहे. ओरडलो.

सर शांतपणे म्हणाले, "मला हवाय. उद्यासाठी."

अजूनही जेवताना मधेच मला तो 'हेऽऽ' आठवतो आणि घास खाली ठेवावा लागतो.

"उद्या घाटावर पिंड ठेवतील," सर वर्गात सांगायचे तसं टप्प्याटप्प्यानं सांगू लागले. "कावळा येणार नाही. तिची इच्छा राहिलेली आहे, आणि ती कोणती, ते तुम्हाला माहीत आहे. लोक आपापल्या परीनं काहीबाही कबूल करतील. कावळा येणार नाही. मग मी पुढं होईन आणि नाव घेईन."

आता हेच सर दुसऱ्यांच्या दहाव्याला काय म्हणायचे, ते मी ऐकलेलं होतं. 'कावळ्याला भूक लागली की कावळा येतो, त्याच्यावर निबंध लिहू नका.' पण मी काही बोललो नाही. आयुष्यात इतकं शहाणपण माझ्याकडून एकदाच झालं.

"ती थांबेल," सर म्हणाले. "इतकी वर्षं थांबली."

माझा एकही उखाणा त्यांना पसंत पडला नाही. एकात 'हृदय' होतं, एकात 'चांदणं'. "अतिशयोक्ती," म्हणाले. मग स्वतःच, शर्टाची बाही नीट करत, जमिनीकडं बघत बोलले:

"दौंडच्या फलाटावर गाडी सुटली, हातात राहिलं तिकीट,
टिंब टिंब टिंबचं नाव घेतो, उशीर झाला, पण घेतो नीट."

"टिंब टिंब का, सर?" मी विचारलं.

"ते तिथं घेईन."

दशक्रियेच्या पत्रिकेवर काकूंचं नाव छापलेलं होतं, सरांनीच तपासून दिलेलं. पण छापणं वेगळं आणि घेणं वेगळं, एवढं लग्नाच्या धंद्यात मलाही कळतं. जाताना सर दारात थांबले. "त्या वेळी माईक बंद ठेवा. आणि लोकांना जरा मागं घ्या. बाकी काही करू नका. तुम्ही काही न करणं फार महत्त्वाचं आहे."

दुसऱ्या दिवशी घाट भरला होता. सरांचे विद्यार्थी, न्हावऱ्यापासून दौंडपर्यंतचे पाहुणे. प्रवचन झालं, भाषणं झाली. टाळ्यांचा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून मी जीभ दातांत धरून बसलो होतो. गुरुजींनी मुलाच्या हातून पिंड पुढं मोकळ्या जागेत ठेवायला लावला. मी लोकांना हातानं मागं सारलं. सर चपला काढून दोन पावलं पुढं आले. बाह्या नीट केल्या. घसा साफ केला. इतक्या वर्षांत सरांना मी वर्गावर जाताना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

आणि कावळा आला.

मुलगा पिंडापासून पुरता मागं सरलाही नव्हता. पलीकडच्या बाभळीवरून सरळ खाली आला, चोच मारली, मोठा घास उचलला आणि उडाला. मागोमाग आणखी दोन. मी घाटावर इतकी दहावी केली, माणसं दुपारपर्यंत हात जोडून उभी राहिलेली पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागलेला पाहिला. पण अशी घाई पाहिली नव्हती.

"भाग्यवान माउली!" कुणीतरी म्हणालं. "कायसुदिक इच्छा ऱ्हायली न्हाई बघा."

"पुण्यवान हो, पुण्यवान," दुसरा म्हणाला.

आणि मी, ज्याला काही न करायला सांगितलं होतं, त्या मी माईक चालू केला. हात आपोआप गेला. पिंडाला कावळा शिवला की पुढचं वाक्य माझ्या तोंडातून आपोआप येतं, लग्नात मंगलाष्टकं संपली की अक्षता पडतात तसं. "मंडळी, काकू तृप्त झाल्या. वरती मांडवात चहा-नाश्त्याची सोय केलेली आहे, कुणीही तसंच जाऊ नये." सगळा घाट उठला. चपला शोधायची गडबड, मुलाभोवती गर्दी, फोटो. त्या गर्दीतून सर दिसेनात.

दिसले तेव्हा घाट रिकामा झाला होता. सर तिथंच उभे होते, दोन पावलं पुढं आलेले, तोंड किंचित उघडं.

मी माईकची वायर गुंडाळत जवळ गेलो. म्हणालो, "सर, कदाचित दुसऱ्याच कुणाचा कावळा असंल."

सर खालच्या पायरीवर बसले. घोडनदीला पाणी कमी होतं, मधे दगड उघडे पडले होते. "एवढी घाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तिनं गृहीतच धरलं. हा घेणार नाही, उगीच सगळ्यांना उन्हात कशाला उभं करा."

"आता घ्या की, सर," मी म्हणालो. "कुणी न्हाई इथं. मी असून नसल्यासारखाच."

सरांनी नदीकडं बघितलं. "दौंडच्या फलाटावर," ते म्हणाले, "गाडी सुटली, हातात राहिलं तिकीट." आणि थांबले. लग्नात नवरी याच ठिकाणी थांबते. बायका ओरडतात, 'नाव घे, नाव.' मी कितीतरी नवऱ्यांना इथं माईकवरून पुढं ढकललंय. सरांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले. मग त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "घाटावर. दहाव्याला. धिस इज लेव्हिटी, मिस्टर थोरात."

काकू गेल्यापासून तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. मी वायर खाली ठेवली. त्या शब्दाचा अर्थ मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो, नाऊनपासून कोर्टापर्यंत. मी शेजारच्या पायरीवर बसलो आणि विचारलं, "म्हंजी काय, सर?"

सरांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मला वाटलं, आता छत्री बसते.

त्यांनी छत्री बाजूला ठेवली. गळ्याचं बटण काढलं. "नाऊन," ते म्हणाले. "अनकाउंटेबल."

"व्हय का?"

"जिथं वजन पाहिजे, तिथं हलकेपणा करणं. आता हसणं म्हणजे लेव्हिटी नव्हे. हे नीट ऐका." सर्कस आली. कोर्ट आलं. वरून मांडवातून मुलानं हाक मारली, "दादा, चहा गार होतोय." सरांनी हातानंच त्याला थांब म्हटलं. "हा शब्द माणसाला चिकटलेला नाही, जागेला चिकटलेला आहे. फॉर एक्झाम्पल..."

इथं 'शी' येणार, हे मला ठाऊक होतं. सर नदीच्या पलीकडं बघत होते, बाभळीवर कावळे परत येऊन बसले होते तिकडं.

"फॉर एक्झाम्पल," सर म्हणाले, "इंदू लाफ्ड."

आणि थांबले.

मी वाट बघितली. "पुढं, सर?"

"पुढं काही नाही," सर म्हणाले. "एवढंच."